डबल क्लच मारायचा की नाही?

मित्रा, नव्या गाडीला डबल क्लच मारायची गरज नाही. जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी आतल्या फिरत्या भागांचा वेग जुळवणारी रचना) नसायचं, म्हणून ड्रायव्हर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, असा दोनदा क्लच मारायचे. तुझ्या कारमध्ये वेग जुळवायचं हे काम सिंक्रो रिंग करते, बहुतेकदा पितळेची. तिला वेळ दे. लिव्हर न्यूट्रलपाशी आला की क्षणभर दम धर, मग तो लोण्यासारखा आत सरकतो. हिसका दिलास तर रिंगच झिजते.

माझ्या जुन्या गाडीचा दुसरा गिअर करकरायचा. ताम्हिणी उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना डबल क्लच मारला की आवाज गायब! पण तो इलाज नव्हे, वेळ मारून नेणं. शेवटी गिअरबॉक्स खोलावाच लागला (खिसाही).

लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय मात्र आजच सोड; आतला गिअर सरकवणारा फोर्क विनाकारण घासतो. रिव्हर्स टाकताना गाडी पूर्ण थांबू दे, बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो नसतो. आणि सगळेच गिअर जड पडत असतील तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी पेडल दाबल्यावर क्लच पूर्ण सुटतोय का ते बघून घे.