उत्तर बरोबर, तरी भूमितीत गुण का कापले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा नववीत गेली, शाळा गुहागरकडची. भूमितीच्या नव्या बाईंनी जूनमध्येच नियमांचा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला दिला. कारण लिहिलं नाही तर अर्धा गुण गेला, पेनाने काढलेली आकृती तपासणार नाही, वही उशिरा आली तर पाच गुण वजा, फेरचाचणी नाही. पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ११ मिळाले आणि उत्तरं तर जवळजवळ सगळी बरोबर होती. हा जाच नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात २१ वर्षं नववी-दहावीला भूमिती शिकवते, म्हणजे तुमच्या दृष्टीने विरोधी पक्षातलीच. तरी सांगते. चारांतले पहिले दोन नियम मुळात बाईंचे नाहीतच, तिसरा मी स्वतः कित्येक वर्षं लावून सोडला आणि चौथ्यावर मी तुमच्या बाजूने भांडेन.

आठवीपर्यंत गणिताचं एकच पुस्तक असतं आणि प्रगतिपुस्तकात श्रेणी येते, अ-१, अ-२, ब-१ अशी. नववीत एकदम भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, दोन पुस्तकं, दोन पेपर आणि आकडी गुण. दहावीला भूमितीचा लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ २ तास. तेवढेच ४० बीजगणिताला, आणि २० शाळेच्या हातात. पण मुलांना दणका बसतो तो या आकड्यांनी नव्हे. आठवीपर्यंत प्रश्न असतो "कोन किती अंशांचा?" ६५ लिहिलं की संपलं. नववीत प्रश्न होतो "६५च कशावरून?" तुमच्या मुलीने बहुतेक ६५ लिहून पेन खाली ठेवलं.

पेन्सिलचं चटकन सांगते. दहावीची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनाच छापलेल्या असतात: प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती आवश्यक, रचनेच्या खुणा स्पष्ट हव्यात, त्या पुसू नयेत. त्यामुळे कंपासने काढलेले कंस खोडून आकृती "स्वच्छ" करणाऱ्या मुलांना नववीतच टोकलेलं बरं. आणि पेनाने चुकलेली रेषा खोडायची कशी? (जाता जाता: आपल्याकडे पावसात वहीचा कागद इतका दमट होतो की कंपासचं टोक रुतून भोक मोठं होतं आणि त्रिज्या सरकते. आकृती काढताना पानाखाली जुना पुठ्ठा ठेवायला सांगा. निम्म्या "चुकीच्या" रचना त्याने सुधारतात.)

आता कारणाचा अर्धा गुण. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घ्या. बाजू एबी आणि बाजू एसी एकरूप, तर कोन बी आणि कोन सी एकरूप दाखवायचे. आधी पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे सिद्ध करायचं ते, आणि आकृती. मग कोन ए चा दुभाजक एडी काढायचा आणि दोन त्रिकोण शेजारी ठेवायचे. एबी आणि एसी एकरूप (पक्ष), ए जवळचे दोन कोन एकरूप (रचना), एडी ही सामाईक बाजू. म्हणून बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू, कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून कोन बी आणि कोन सी एकरूप. यातली कंसातली अक्षरं काढून टाका. उरतं काय? मुळात जे मान्य करून घ्यायचं होतं, तेच पुन्हा म्हटलेलं. कंसातच भूमिती आहे. मंडळाचे तपासनीसही उत्तराचे पायरीवार अर्धे-अर्धे गुण देतात. शिवाय पेपरात "कृती पूर्ण करा" म्हणून ७ गुणांचे प्रश्न असतात. तिथे सिद्धता छापलेली असते आणि मधल्या चौकटी रिकाम्या. त्या रिकाम्या चौकटींत पुष्कळदा हे कारणच भरायचं असतं.

हे मला नीट कळलं ते एका मुलामुळे. त्याचे वडील गवंडी, चिऱ्याची बांधकामं करतात. चौकोनाच्या धड्यावर चाचणी होती, अमुक चौकोन आयत आहे असं सिद्ध करायचं. याने लिहिलं: कर्ण एकरूप, म्हणून आयत. तीनपैकी एक गुण दिला. तो वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, उत्तर बरोबर आसा, मगे गुण कित्याक कापलास? माझो बापूस कर्णच मोजता. एकव घर वाकडा नाय झाला."

मी फळ्यावर चौपाखी छपराचं लांबीकडचं पाखं काढलं. वरची रेघ आखूड, खालची लांब, दोन्ही तिरक्या बाजू सारख्या. म्हटलं, मोज कर्ण. मोजले, सारखे आले. हा आयत आहे का? तो गप्प. घरी जाऊन वडिलांना विचार म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच आला. "बाई, तो आदी समोरासमोरची मापां घेता, मगे कर्ण." म्हणजे पाया आखताना वडील आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या करून घेतात. चौकोन समांतरभुज झाला, की मगच कर्णांना अर्थ. पुस्तकातलं वाक्यही तेच आहे: समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकरूप असतील तर तो आयत असतो. मुलाने जो अर्धा भाग गाळला, तो बापाने कधीच गाळला नव्हता. आणि अजून एक गोष्ट त्याने सांगितली. कोपऱ्याला वडील नुसता गुण्या लावून थांबत नाहीत. दोरीवर ३ फूट आणि ४ फूट घेऊन तिरकं अंतर ५ येतं का बघतात, कारण हातभर गुण्यातली केसभर चूक २० फुटांवर बोटभर होते. कंपासपेटीतल्या गुण्याचं आणि गवंड्याच्या गुण्याचं नाव एकच, हे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तोवर लक्षात आलं नव्हतं. मी त्याला आणखी अर्धा गुण दिला. नियमात बसत नव्हता, पण दिला.

तर बाईंच्या पहिल्या नियमाबद्दल तक्रार करू नका. फक्त दोन गोष्टी विचारा. एकच कारण तीन पायऱ्यांत राहिलं तर अर्धा गुण तीनदा जातो की एकदा? मी एकदाच कापते. आणि आकडेमोड सुरुवातीला चुकली पण पुढची रीत बरोबर असली, तर पुढच्या पायऱ्यांचे गुण मिळतात का? मिळायला हवेत. याची उत्तरं बाईंकडे तयार असतील तर कागद विचार करून बनवलाय. नसतील तर तुमच्या विचारण्यामुळे त्या विचार करतील.

वहीच्या पाच गुणांचं मात्र वेगळं. मीही हा नियम लावायचे, बरीच वर्षं. एक मुलगी खाडीपलीकडून यायची. जुलैत दप्तर भिजलं, वहीतली शाई पानभर पसरली. तिने मैत्रिणीची वही घेऊन सगळी वही पुन्हा लिहून काढली आणि दोन दिवस उशिरा दिली. मी पाच गुण वजा केले. धडा समांतर रेषांचा, दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंच्या व्युत्क्रम कोनांचा. तपासायला बसले तर पानापानावर "व्युत्क्रम" ऐवजी "वुत्क्रम". मैत्रिणीची वही काढून पाहिली, तिथेही "वुत्क्रम". तेवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. पण एका सिद्धतेत कोबाको, म्हणजे कोन-बाजू-कोन, हवं तिथे दोघींनी बाकोबा लिहिलं होतं, आणि मैत्रिणीच्या वहीत त्यावर माझी लाल टिक होती. वेळेवर आलेल्या चुकीला मी पूर्ण गुण दिले होते आणि त्याच चुकीला दोन दिवस उशीर झाला म्हणून पाच गुण कमी. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून वही मी बघते, पण वहीवर गुण देत नाही. वहीतलंच एक उदाहरण माझ्यासमोर, दुसरी आकृती देऊन, कोऱ्या कागदावर करायला लावते. शाळेकडच्या २० गुणांत गृहपाठ मोजावाच लागतो, तिथे हे कागद लावते. तुमच्या बाईंना हे थेट सांगू नका, नव्या आहेत, मनाला लावून घेतील. "वही पावसात भिजली तर काय करायचं?" एवढंच विचारा. कोकणात हा प्रश्न कुणालाही खोडसाळ वाटणार नाही.

आणि फेरचाचणी. इथे मी बाईंच्या विरोधात आहे. इतिहासात एक धडा कच्चा राहिला तर पुढचा वाचता येतो. नववीच्या भूमितीत समांतर रेषांवर त्रिकोण उभा आहे आणि त्रिकोणावर चौकोन. जुलैत व्युत्क्रम कोन कळले नाहीत, तर समांतरभुज चौकोनाचं एकही प्रमेय पुढे जमणार नाही. मी पाच गुणांची छोटी चाचणी मधल्या सुट्टीत पुन्हा घेते. प्रमेय तेच, आकृती उलटी फिरवलेली. दोन्हींतले जास्त गुण धरते. आमच्या शिक्षकखोलीत याला लाड म्हणतात. म्हणोत.

मुलीची उत्तरपत्रिका तुम्ही स्वतः बघा, नुसता २० पैकी ११ हा आकडा नको. नऊ गुण कुठे गेले ते पेन्सिलने बाजूला लिहा: आकृती, कारण, आकडेमोड. माझा अंदाज, सहा-सात कारणात गेले असतील. तसं असेल तर तिला भूमिती येते, लिहायचं राहतंय. रोज एक प्रमेय, घड्याळ लावून. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. तीन गुणांची सिद्धता नऊ मिनिटांत, कारणांसकट. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं लागतील, लागू द्या.

शाळेत जाणार असाल तर गणपतीच्या सुट्टीआधी जा. सुट्टीनंतर सत्र परीक्षा तोंडावर येते, आणि तेव्हा बाईंच्या टेबलावर इतके गठ्ठे असतात की तुम्हाला बसायला खुर्ची मिळाली तरी बोलायला बाई मिळायच्या नाहीत.