‘शोध लावला’ म्हणजे नेमकं काय केलं? शास्त्रज्ञांच्या गोष्टींतून इंग्रजी शिकवताना

तुमची अडचण थोडक्यात अशी: सातवी-आठवीच्या मुलांना शास्त्रज्ञांच्या चरित्रांतून इंग्रजी शिकवायला घेतलंत. प्रत्येक पाठाआधी वीस शब्द अर्थासकट पाठ करून घेतलेत. शब्दांच्या चाचणीत गुण चांगले पडले, पण परिच्छेद समोर ठेवला की तीच मुलं दुसऱ्या ओळीला अडतात. शास्त्रज्ञ हा विषयच त्यांना जड जातोय का, असं तुम्ही विचारलंय.

विषय जड नाही. वाचनासाठी याच्याइतका चांगला विषय मला तरी सापडलेला नाही. अडचण त्या यादीत आहे, आणि ‘चरित्र’ या शब्दाचा आपण जो अर्थ घेतो त्यात आहे.

आधी यादीबद्दल. सुरुवातीची काही वर्षं मीही यादीच देत होते. नंतर एकदा माझ्या जुन्या याद्या पुन्हा वाचल्या, तर त्यात जीनियस, रिनाउन्ड, काँट्रिब्यूशन, लॅबोरेटरी, अचीव्हमेंट असलेच शब्द. सगळी नामं आणि विशेषणं. वाक्य चालतं ते क्रियापदावर आणि मुलं अडत होती तीही क्रियापदांवर: नोटिस, पॉइंट, सस्पेक्ट, प्रूव्ह, फेल, रिपीट. ते शब्द सोपे वाटून मी यादीत घेतलेच नव्हते. ‘तो महान होता’ हे वाक्य कळलं तरी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. ‘त्यानं काच घासली’ म्हटलं की राहतं.

आणि चरित्र म्हणजे जन्म, शिक्षण, शोध, पुरस्कार, मृत्यू असं सगळं आयुष्य एका पानात बसवू नका. एक रात्र घ्या, एक आठवडा घ्या, प्रयोगशाळेतली एक ताटली घ्या. ज्या प्रसंगात माणूस हातानं काहीतरी करतोय आणि पुढं काय होईल हे त्यालाही माहीत नाही, असा प्रसंग निवडा.

माझा सगळ्यात आवडता तास गॅलिलिओचा, तो जरा सविस्तर सांगते. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्यानं आपली दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. गुरूच्या शेजारी तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. ८ तारखेला पाहतो तर तिन्ही पश्चिमेला. ९ तारखेला ढग. १० तारखेला दोनच दिसले आणि दोन्ही पूर्वेला. १३ तारखेला चार. एवढाच मजकूर मी छोट्या इंग्रजी वाक्यांत फळ्यावर लिहिते, ‘ऑन द नेक्स्ट नाइट, ऑल थ्री वेअर ऑन द वेस्ट’ या धर्तीवर. अर्थ सांगत नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद देते, त्यावर पाच आडव्या ओळी आखायला सांगते, प्रत्येक ओळीच्या मधोमध एक गोल म्हणजे गुरू. पूर्व डावीकडे हे आधी ठरवून घेते. आता वाचा आणि तारे काढा.

त्या पंधरा मिनिटांत वर्गाकडे नीट बघा. ‘ऑल थ्री’ कळलं नाही तो एकच तारा काढतो. ‘क्लाउडी’ कळलं नाही तो तिसऱ्या ओळीतही तारे काढून ठेवतो. ‘एक पूर्वेला, दोन पश्चिमेला’ अशी अदलाबदल झाली तर तीही कागदावर दिसते. कुणाला काय कळलं हे मला विचारावं लागत नाही आणि एकाही वाक्याचं मराठी भाषांतर झालेलं नसतं. चौथ्या ओळीला पोचली की मुलं स्वतःच विचारतात, तिसरा तारा गेला कुठे? त्या क्षणी मी ‘हिडन बिहाइंड ज्युपिटर’ हे तीन शब्द लिहिते, कारण गॅलिलिओनंही तसाच तर्क केला होता. शब्द हवा असताना मिळाला की तो राहतो. ‘हिडन’ मी कधीच पाठ करून घेतला नाही, पण तो विसरलेलं मूल मला आठवत नाही.

याच गोष्टीतून तो शब्द येतो ज्याच्यावर मराठी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यानं निदान एक अख्खा तास द्यायला हवा: शोध. आपण रेडियमचा शोध लावतो, बॅटरीचाही शोध लावतो, हरवलेल्या किल्लीचा शोध घेतो आणि संशोधकही शोधच करतो. मराठीत हे एका शब्दात सुखानं नांदतं. इंग्रजीत त्याच्या चार वाटा होतात: डिस्कव्हर, इन्व्हेंट, सर्च, रिसर्च. मुलांच्या वह्यांत ‘गॅलिलिओ डिस्कव्हर्ड टेलिस्कोप’ हे वाक्य तुम्हाला हमखास सापडेल. नुसतं चूक म्हणून लाल रेघ मारली तर पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येतं, कारण मुलाच्या मनातलं मराठी वाक्य बरोबर असतं.

मी त्यांना एकच कसोटी देते. ती गोष्ट त्या माणसाच्या आधी जगात होती का? ते चार तारे म्हणजे गुरूचे चंद्र. ते होतेच, कुणी पाहिले नव्हते, म्हणून डिस्कव्हर. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं १८०० साली जी बॅटरी जगापुढे मांडली ती आधी नव्हती, म्हणून इन्व्हेंट. क्युरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं: डिस्कव्हर. आणि दुर्बीण? इथे मुलं अडकतात, तेव्हा थांबा आणि अडकू द्या. दुर्बीण गॅलिलिओच्या आधी नेदरलँड्समध्ये तयार झाली होती. त्यानं १६०९ मध्ये तिच्याबद्दल ऐकलं, स्वतः बनवली आणि सुधारत नेली. म्हणजे त्याच्या बाबतीत डिस्कव्हरही नाही, इन्व्हेंटही नाही, तर बिल्ट आणि इम्प्रूव्ह्ड. एका माणसाच्या एका वर्षातून चार क्रियापदं वेगळी झाली, आणि त्यांतला फरक मुलांनी वाद घालून ओळखला.

दुसरा प्रसंग विजेवर काम करणाऱ्या मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचा, कारण ती वाचणाऱ्या मुलाचीच गोष्ट आहे. १७९१ चा जन्म, लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि सात वर्षं तिथे राहिला. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा, विश्वकोशातला विजेवरचा लेख त्यानं असाच वाचला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं दिलेल्या तिकिटांवर तो हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला गेला, टिपणं काढली, ती सुवाच्य लिहून सुमारे तीनशे पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. १८१३ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यकाची नोकरी मिळाली.

या गोष्टीत ‘बाइंड-बाउंड’ हे एकच क्रियापद तीनदा येऊ द्या. फॅरडे करारानं बांधलेला होता, तो गिऱ्हाइकांची पुस्तकं बांधायचा आणि शेवटी आपली टिपणं त्यानं बांधली. मराठीतलं ‘बांधणं’ इथे तिन्ही ठिकाणी बरोबर बसतं, त्यामुळे ‘शोध’च्या उलट अनुभव येतो. तिथे आपल्या एका शब्दाचे चार झाले होते, इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. दोन्ही प्रकार मुलांना दाखवले पाहिजेत. नाहीतर इंग्रजी म्हणजे नुसत्या अपवादांची भाषा, अशी त्यांची समजूत होते.

पुढे फॅरडेवर अशी वेळ आली की प्रयोगात जे दिसतंय त्याला नावच नव्हतं. त्यानं विल्यम व्ह्यूएल या विद्वान मित्राला पत्र लिहून शब्द मागितले आणि १८३४ मध्ये अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द ठरले. ग्रीकमध्ये अॅनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी वाट, आणि आयन म्हणजे जाणारा. विज्ञानाच्या पुस्तकातले धनाग्र (अॅनोड) आणि ऋणाग्र (कॅथोड) मुलांना माहीत असतात. त्यांचे इंग्रजी शब्द कुणीतरी बसून, पत्रव्यवहार करून घडवले, हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. ‘सायंटिस्ट’ हा शब्दही त्याच व्ह्यूएलचा आणि तोही १८३४ मध्येच छापून आला. गॅलिलिओला त्याच्या हयातीत सायंटिस्ट कुणी म्हटलंच नसतं.

ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द मात्र फसवतात, आणि विज्ञानाच्या गोष्टींत ते जागोजागी भेटतात. पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतला आणि त्याला जिवाणू वाढवलेल्या एका ताटलीवर बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे जिवाणू नाहीसे झाले होते. इंग्रजीत ही झाली ‘कल्चर प्लेट’ आणि बुरशी म्हणजे ‘मोल्ड’. मुलांना कल्चर म्हणजे संस्कृती आणि मोल्ड म्हणजे साचा एवढंच माहीत असतं, त्यामुळे वाक्याचा काहीच मेळ लागत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले त्यांना ‘सेल’ म्हटलं, म्हणजे लहान खोल्या. आपल्या मुलांना सेल माहीत असतो तो घड्याळातला. असे दोन-तीन शब्द मात्र वाचनाआधी जरूर सांगा. अनोळखी शब्दापाशी मूल थांबतं, पण ओळखीचा वाटणारा शब्द त्याला भलतीकडे घेऊन जातो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

व्याकरणाचं फार काढू नका. एक ‘वॉज बॉर्न’ तेवढं पक्कं करा. मराठीत माणूस जन्मतो किंवा जन्माला येतो, म्हणून मुलं ‘ही बॉर्न’ लिहितात. आणि सनावळ्या मोठ्यानं वाचून घ्या. १९२८ मराठीत एकोणीसशे अठ्ठावीस, इंग्रजीत नाइन्टीन ट्वेंटी-एट. आपण आठ आधी म्हणतो, ते वीस आधी म्हणतात. ऐकून लिहायला सांगितलं की ८२ आणि २८ ची गल्लत होते ती यामुळे.

मजकूर कुठून आणायचा, हेही तुम्ही विचारलंय. स्वतः लिहा. तयार चरित्रं बहुधा जड तरी असतात, नाहीतर कौतुकानं भरलेली. शब्दसंग्रहावर दीर्घकाळ काम केलेल्या पॉल नेशन यांच्या अभ्यासातून असं दिसतं की कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं नीट कळायचं, तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत. तुम्ही वर्गात सोबत असता, म्हणून शंभर-सव्वाशे शब्दांच्या मजकुरात पाच-सहा नवे शब्द चालतील. वीस अजिबात नाहीत. ते पाच-सहा शब्दही त्याच मजकुरात दोन-तीनदा यायला हवेत आणि पुढच्या आठवड्याच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या गोष्टीत परत भेटायला हवेत. गॅलिलिओनं ‘नोटिस’ केलं, फ्लेमिंगनंही ‘नोटिस’ केलं. मी एका वहीत लिहून ठेवते, कुठलं क्रियापद कुठल्या गोष्टीत येऊन गेलं. त्या वहीशिवाय मी नवा मजकूर लिहायला बसत नाही.

आणि खरं तेच लिहा. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं, हे मुलं येतानाच घेऊन येतात. झाडावरून पडणारं सफरचंद पाहून विचार सुरू झाला असं म्हातारपणी न्यूटननं स्वतः सांगितलं होतं, पण डोक्यावर पडल्याचं त्यात नाही. ही दुरुस्ती करताना ‘पीपल से दॅट’ आणि ‘न्यूटन सेड दॅट’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा. कोण म्हणतंय याकडे लक्ष ठेवून वाचायची सवय या वयात लागते.

वर्षाला सहा-सात प्रसंग पुष्कळ झाले. प्रत्येक प्रसंग आठवडाभर चालू द्या: पहिल्या दिवशी तुम्ही मोठ्यानं वाचा, मग मुलांनी मनात वाचावं, मग चित्र, मग क्रियापदांवर वाद, आणि शेवटी कागद न बघता जोडीदाराला सांगणं, मोडक्या इंग्रजीत का असेना. सांगताना मध्येच थांबवून दुरुस्त करू नका.

सुरुवात गॅलिलिओपासून करा आणि जमलं तर गुरू संध्याकाळी आकाशात दिसतो त्या दिवसांत. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही ते चार चंद्र दिसतात, फक्त हात स्थिर हवा, टेकवायला भिंत वगैरे असली तर उत्तम. मुलांना आपापले कागद सोबत आणायला सांगा आणि सहाव्या ओळीवर त्या रात्रीचे तारे काढू द्या. खालचं वाक्य त्यांचं त्यांना लिहू दे. किती पूर्वेला, किती पश्चिमेला, आणि चारातला एखादा दिसत नसेल तर तो कुठे गेला असेल, हे त्यांना तोवर इंग्रजीत लिहिता येत असतं.