लोकप्रिय आमदार पहिल्या फेऱ्यांत मागे का दिसतो?

प्रश्न : जो हमखास येणार असं गावागावांत बोललं जातं, तो विद्यमान आमदारही निकालाच्या दिवशी सकाळी मागे दिसतो आणि दुपारी पुढे जातो. मधल्या वेळात यंत्रांत काही होतं का? (नाशिकरोड)

उत्तर : होत नाही. चढउताराचं मूळ मोजणीच्या क्रमात आहे. आठ वाजता टपाली मतं आणि साडेआठपासून यंत्रं, तीही केंद्रांच्या क्रमांकाने, साधारण १४ टेबलांवर. समजा मतदारसंघात ३०० केंद्रं आहेत, तर २२ फेऱ्या होतात. केंद्रांचे क्रमांक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लावलेले असतात, त्यामुळे पहिल्या तीन फेऱ्यांतली ४२ केंद्रं बहुधा एकाच पट्ट्यातली निघतात. येवला मतदारसंघात येवला तालुक्याबरोबर निफाड तालुक्यातला लासलगाव-विंचूरचा भाग येतो. एका भागात वजन असलेला उमेदवार दुसऱ्या भागाची यंत्रं टेबलावर आली की घसरणारच. म्हणून आघाडीचा आकडा ऐकला की आधी विचारा, कुठली गावं मोजून झाली?

शंका यंत्राचीच असेल, तर ती फेडण्याचा कागद आहे नमुना १७-क (फॉर्म १७-सी). मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, सीलचे क्रमांक आणि एकूण पडलेली मतं लिहितो आणि प्रत उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला देतो. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं या प्रतीशी ताडून घ्यायची असतात. प्रत्यक्षात ‘आपला माणूस येणारच’ म्हणून प्रतिनिधी संध्याकाळी लवकर उठून जातात, नाहीतर प्रत कुणाच्या तरी खिशात राहते. लोकप्रिय उमेदवाराच्या गोटात ही ढिलाई जास्त, आणि ती फार महागात पडू शकते. मालेगाव मध्यमध्ये २०२४ साली निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. एका केंद्राच्या मतांहूनही कमी!

आकडा जुळत नाही तेव्हा नेहमीचं कारण असतं अभिरूप मतदान. मतदानाच्या दीड तास आधी किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात, मग क्लोज, रिझल्ट आणि क्लिअर अशी बटणं क्रमाने दाबतात. गडबडीत क्लिअर राहिलं की ती मतं आतच राहतात आणि बेरीज फुगते. असं यंत्र बाजूला ठेवलं जातं. शेवटी त्याच्या व्हीव्हीपॅटच्या (मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या) चिठ्ठ्या मोजतात. २०२५ पूर्वी हे जय-पराजयातलं अंतर अशा यंत्रांतल्या मतांइतकं किंवा त्याहून कमी निघालं तरच व्हायचं. प्रतिनिधी पहाटे साडेपाचला केंद्रावर हवा तो याचसाठी.

प्रश्न : एकच व्यक्ती किती वेळा मुख्यमंत्री होऊ शकते? (सटाणा)

उत्तर : मर्यादा नाही. २८८ पैकी १४५ आमदारांचं पाठबळ असलं की झालं. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत सलग मुख्यमंत्री होते.

प्रश्न : कांदा विकून रोख रक्कम गाडीत घेऊन निघालो आणि भरारी पथकाने अडवलं तर? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : ५० हजारांहून जास्त रोकड जवळ असणं हा गुन्हा नाही. मात्र गाडीत उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असेल आणि त्यापेक्षा जास्त रक्कम सापडली, तर ती जप्त होते. पिकअपच्या मागच्या सीटवर प्रचारपत्रकांचा गठ्ठा आणि पुढच्या कप्प्यात कांद्याची रोकड, हे एकत्र कधीच नको. आमदार कितीही आवडता असो, पत्रकं दुसऱ्या फेरीला न्या. जवळ काटापावती, हिशेबपट्टी आणि ओळखपत्र ठेवा. बँकेतून काढलेली रक्कम असेल तर पासबुकावर नोंद करून घ्या.

तरीही जप्ती झाली तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. दाद कुठे मागायची हे पावतीवर लिहिलेलं असायला हवं. जिल्ह्यात यासाठी तीन अधिकाऱ्यांची समिती असते. त्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी असतात. कागद पटले तर समिती पैसे सोडते. १० लाखांवरच्या रकमेची खबर आयकर खात्याला जाते. गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे पैसे अडकवून ठेवता येत नाहीत.

प्रश्न : आचारसंहिता लागली तरी चौकात मंत्र्यांच्या फोटोचे सरकारी फलक तसेच असतात. (देवळाली)

उत्तर : सरकारी इमारतींवरून २४ तासांत, बसस्थानक-पुलासारख्या सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत आणि खासगी जागेवरचा विनापरवाना मजकूर ७२ तासांत हटवायचा असतो. मुदत उलटली की निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर जागेवर उभं राहूनच फोटो काढा. ॲप ठिकाण आपोआप नोंदवतं, मोबाइलमधले जुने फोटो घेत नाही. १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते.

प्रश्न : पंचवटीतून सिडकोत राहायला आलो. मतदार ओळखपत्र आहेच, मग काही करायला हवं का? (सिडको)

उत्तर : हो, आणि आजच. पंचवटी नाशिक पूर्वमध्ये येते, सिडको नाशिक पश्चिममध्ये. कार्ड हातात असलं तरी मत यादीतल्या नावावर मिळतं. पत्ता बदलासाठी नमुना ८ भरा. नमुना ६ नवीन मतदाराचा आहे. तो पुन्हा भरला की नाव दोन याद्यांत जाण्याचा धोका, शिवाय खोटं प्रतिज्ञापन केल्याचा ठपका येऊ शकतो. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो, सोबत नव्या पत्त्याचा पुरावा हवा. उमेदवारी अर्जांच्या अखेरच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तो पोहोचला पाहिजे. मंजुरीनंतर नव्या यादीत आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून लिहून ठेवा. बहुतेक जण अर्जाचा संदर्भ क्रमांक आला की थांबतात आणि मतदानाच्या दिवशी जुन्या शाळेच्या दारात उभे राहतात.