रात्रशाळेत लेखन शिकवायला घेताय?

मोठ्या माणसांना दहावीच्या मराठीसाठी तयार करायचंय ना? मग व्याकरणापासून सुरुवात करू नका. प्रथम भाषेच्या लेखी पेपरात 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत: पत्र किंवा सारांश 6, जाहिरात-बातमी-कथेपैकी दोन मिळून 10 आणि निबंध 8. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून (खासगी विद्यार्थी म्हणून) बसणाऱ्याला खरा आधार इथेच मिळतो.

पहिले दोन आठवडे फक्त हात सुटू द्या. वीस वर्षं सहीपलीकडे पेन न धरलेल्या मावशी अर्ध्या पानावरच बोटं चोळायला लागतात, आणि पेपर तर तीन तासांचा. मी रोज दहा मिनिटं नुसतं लिहायला लावते, चुका बघतच नाही. लाल पेन पिशवीतच राहू द्या. वहीभर लाल बघून माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. (माझ्या पहिल्या वर्षी दोघी अशाच गेल्या.)

पत्राला जपा. जुनी शाळा शिकलेले अजून पत्राखाली पाकिटाचा चौकोन काढतात, पत्ता उजव्या कोपऱ्यात टाकतात. आता सगळं डावीकडे, शेवटी ई-मेल. ज्यांच्याकडे ई-मेलच नाही ते तिथे अडतात. कल्पित चालतो, हे आधीच सांगा.

विषय त्यांच्या जगण्यातले द्या. ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ दिलं, तर रिक्षावाले काका पेन चावत बसले. दोन दिवस पाणी नाही, वॉर्ड ऑफिसला तक्रार लिहा म्हटलं, तर पान संपलं तरी थांबेनात. मग माझ्याकडे एकच काम उरलं: शिव्या काढून ‘महोदय’ घालायचं.