आपले प्रश्न : कौलारू घर आणि हवा कोरडी करणारे यंत्र

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौले आणि क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस फूट. मृगापासून हस्तापर्यंत कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो, पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटतात आणि भजनी मंडळाचा पखवाज उतरतो. अमेरिकेत असलेल्या पुतण्याच्या घरी संपूर्ण घराची हवा कोरडी करणारा डीह्युमिडिफायर आहे. तसाच आपणही बसवावा, असे तो म्हणतो. आपले मत काय? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पुतण्याचे म्हणणे त्याच्या घरापुरते बरोबर आहे, पण तुमच्या घरात ते यंत्र बसवू नये.

या यंत्राचे काम फ्रिजसारखे चालते. पंखा खोलीतील हवा आत ओढतो, ती थंड नळ्यांवरून जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन खाली गळते, आणि कोरडी झालेली हवा त्याच यंत्राच्या गरम नळ्यांवरून फिरून किंचित ऊब घेऊन बाहेर पडते. संपूर्ण घरासाठीचे यंत्र छताखालून फिरवलेल्या हवेच्या नळांना जोडलेले असते. तिकडे हिवाळ्यात घर तापवण्यासाठी आणि उन्हाळ्यात गार करण्यासाठी हे नळ आधीच असतात, दारे-खिडक्या घट्ट मिटतात, आणि एकदा कोरडी केलेली हवा बराच वेळ घरातच राहते. अशी यंत्रे दिवसाला साधारण ३३ ते ६० लिटर पाणी काढतात, आणि तेवढे तिथे पुरते.

आता तुमच्या घराचा हिशेब पाहू. पावसाच्या झडीत बाहेर २२ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे १८ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा घरात येऊन २४ अंशांपर्यंत उबली की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास येते, त्याखाली नाही. म्हणूनच ‘खिडक्या उघडून वारा खेळू द्या’ हा कार्तिकातला उत्तम सल्ला आषाढात उपयोगी पडत नाही. आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची तर प्रत्येक घनमीटरमागे पाच ग्रॅमांहून थोडे अधिक पाणी काढावे लागेल. दहा फूट उंची धरली तर तुमच्या घरात सुमारे ३४० घनमीटर हवा मावते. कौलांच्या फटींतून आणि वळचणीतून ती तासाला पाच वेळा बदलते असे गृहीत धरले, तर दिवसाला २०० लिटरहून अधिक पाणी काढावे लागेल, म्हणजे रोज एक मोठे पिंप भरेल. अमेरिकेतले सर्वांत मोठे घरगुती यंत्रही इथे दमून जाईल, आणि विजेचे बिल पाहून तुम्हीही.

यंत्राच्या आधी भिंत तपासावी. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. अशा वेळी पन्हळ, जोत्याभोवती साचणारे पाणी आणि सरकलेली कौले यांकडे लक्ष द्यावे लागेल. जांभा सच्छिद्र असल्याने जमिनीतले पाणी वर ओढतो, आणि आतून तैलरंग फासला की ते पाणी रंगाचे पोपडे काढूनच बाहेर येते. त्यापेक्षा चुन्याचा गिलावा बरा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील, तर दोष हवेतील बाष्पाचा आहे.

त्या बाष्पाचा काही भाग आपणच घरात सोडतो. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. शिवाय पावसाळ्यात माजघरात दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे आहेतच. चुलीवर बाहेर ओढणारा पंखा बसवणे आणि कपड्यांसाठी पडवीचा एक कोपरा राखणे, हे कमी खर्चाचे उपाय आहेत.

यंत्र घ्यायचेच असेल, तर ते एका खोलीपुरते घ्यावे. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक खोली निवडा, तिला कौलांखाली फळ्यांचे किंवा अन्य पक्के छत करून घ्या, दाराखालची फट बुजवा, आणि पोथ्या, पखवाज, रेशमी साड्या, गाद्या तिथे न्या. अशा बंद खोलीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी काढले तरी पुरते. मात्र डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. ‘२० लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर काढलेला असतो. आपल्याकडच्या गार पावसाळ्यात, आणि खोली कोरडी होत आल्यावर, हाती निम्म्याच्या आसपासच येते. आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवावी, कारण त्याहून कोरड्या हवेत कातडे आणि जुने लाकूड ताणले जाते, तर ८० टक्क्यांच्या वर बुरशीला मोकळे रान मिळते.

आर्द्रता मोजणारे छोटे उपकरण आधी घ्यावे आणि त्याची परीक्षाही करावी. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि उपकरणासह घट्ट डब्यात आठ तास ठेवा. ७५ टक्के दिसले तर उपकरण खरे.

विजेबद्दल. ३०० वॅटचे यंत्र दिवसाला दहा तास चालले, तर महिन्याला ९० युनिट होतात. कर्नाटकाच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत तुमचा वापर २०० युनिटांच्या आत असेल, तर हे ९० युनिट तुम्हाला त्या मर्यादेबाहेर नेऊ शकतात, आणि मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. पाऊस सलग लागलेल्या आठवड्यांतच यंत्र चालवावे.

प्रश्न : आमच्याकडे एसी आहे. त्यातील ‘ड्राय’ हे बटण दाबले तर वेगळे यंत्र लागेल का? आणि अशा यंत्राच्या डब्यात जमलेले पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीला चालते का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : उकाड्याच्या दिवसांत ते बटण पुरते. श्रावणात खोली आधीच गार असते. एसी आपली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे खोली आणखी गार होते आणि यंत्र थोड्याच वेळात थांबते. वेगळे यंत्र ती उष्णता खोलीतच ठेवते, हा दोघांतला खरा फरक आहे. बॅटरीत मात्र ते पाणी घालू नका. दिसायला स्वच्छ असले तरी त्यात हवेतील धूळ आणि नळ्यांच्या धातूचा अंश उतरलेला असतो. कुंड्यांना घालायला हरकत नाही.