‘मराठीच वाचता येत नाही, त्यात आणखी एक लिपी?’

आठ वर्षांची, जन्मतः कर्णबधिर मुलगी. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं बिनचूक उतरवते. ‘घोडा’ वाचून बरोबर चित्रावर बोट ठेवते. पण ‘घोड्याला गवत दे’ समोर आलं की आईच्या तोंडाकडे पाहते. शाळेतल्या बाईंनी खुणांच्या भाषेतल्या खुणा कागदावर लिहून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आई धास्तावून आली. पोरीचा गोंधळ नाही का होणार?

शंका रास्त आहे. पण ऐकणारं मूल पहिलीत येतं तेव्हा ‘घोड्याला’ त्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं, फक्त अक्षरं नवी असतात. या मुलीला तो ‘घोडा’हून निराळाच, अनोळखी शब्द वाटतो. तिची भाषा हातांत आहे आणि कागदावर ती कुठेच नव्हती.

बाई वापरत होत्या ते साइनरायटिंग, म्हणजे खुणांची भाषा लिहिण्याची लिपी. अमेरिकन नृत्यांगना व्हॅलेरी सटन यांनी नृत्याच्या हालचाली लिहिण्याच्या पद्धतीतून १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये ते विकसित केलं. यात वस्तूचं चित्र नसतं, खूण कशी होते ते लिहिलेलं असतं. तळवा स्वतःकडे असेल तर हाताचं चिन्ह पांढरं, हाताची मागची बाजू दिसत असेल तर काळं. डोक्याला गोल, स्पर्शाला तारका, हालचालीला बाण.

खरा उपयोग या बाणाचा. ‘आईने बाळाला दूध दिलं’ हे वाक्य घ्या. खुणांत ‘ने’, ‘ला’ नसतात. ‘दे’ची खूण देणाऱ्याच्या जागेकडून घेणाऱ्याच्या जागेकडे सरकते. कागदावर आई डावीकडे, बाळ उजवीकडे, मध्ये बाण. बाणाच्या शेपटाखाली लाल पेनाने ‘ने’, टोकाखाली ‘ला’. मग बाण उलटा करायचा आणि मराठी वाक्य मुलीलाच बदलायला द्यायचं. व्हिडिओतली खूण क्षणात निघून जाते. कागदावरची थांबते, तिच्यावर बोट ठेवता येतं.

घरासाठी आईला सांगितलं ते एवढंच: आठवड्याला पाच कार्डं, रोज दहा मिनिटं. एका बाजूला खूण, दुसऱ्या बाजूला शब्द. मुलगी आधीपासून करते त्याच खुणा घ्यायच्या, तिच्या शाळेत करतात तशाच. खूणच माहीत नसेल तर ती लिहून काही हाती लागत नाही. म्हणून आईने स्वतः खुणा शिकणं यात सर्वांत मोलाचं.

पहिल्याच आठवड्यात कार्डं उलटी झाली. आईने खुणांच्या शब्दकोशातल्या व्हिडिओवरून, समोरच्या माणसाचे हात दिसतात तसे काढले होते. साइनरायटिंग खूण करणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेतून लिहितात. उजवा हात उजवीकडेच. दुसरी चूक बाणांची: वर टोक असलेला एकेरी दांड्याचा बाण म्हणजे हात पुढे, दुहेरी दांड्याचा म्हणजे हात वर. आणि मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दावर एकेक खूण बसवायची नाही. खुणांचं वाक्य खुणांच्या क्रमाने वर, मराठी खाली, जुळणारे तुकडे रेघांनी जोडायचे.

समजलं की नाही हे पाठ करून घेऊन कळत नाही. नवं वाक्य द्यायचं आणि कृती करायला सांगायची. आईने चिठ्ठी लिहिली, ‘कुत्र्याला पोळी दे’. मुलगी पोळी घेऊन दाराशी गेली. ‘कुत्र्याने पोळी खाल्ली’ला मात्र ती अजून अडते, कारण तिथे जोडायला ‘दे’चा बाण नाही. पुढची पाच कार्डं त्याचीच.