वीर, यात्री आणि नाखवा

प्रश्न असा: 'अंतराळवीर' बरोबर की 'अंतराळयात्री'? आणि बाई असेल तर 'अंतराळवीरांगना' म्हणावं का?

वीरांगना नको. कल्पना चावला अंतराळवीर होती, तेवढं पुरे. अंतराळ, अंतरिक्ष, अवकाश यांतला फरक कोणत्याही कोशात सापडेल. देवळात गाभारा आणि सभामंडप यांच्यामधल्या जागेलाही अंतराळ म्हणतात, हे जाता जाता.

माझा राग 'वीर' शब्दाच्या उधळपट्टीवर आहे. 2001 साली स्वतःचे पैसे भरून सोयुझ या रशियन यानातून अंतराळ स्थानकावर गेलेला डेनिस टिटो वीर, आणि न्यू शेपर्ड या खासगी यानातून दहा-अकरा मिनिटांत वर जाऊन खाली येणारे धनिकही वीर! तिकीट काढतो तो प्रवासी. एसटीत बसलेल्याला आपण महामार्गवीर म्हणतो का?

खरी गंमत इंग्रजी 'अ‍ॅस्ट्रोनॉट' आणि रशियन 'कॉस्मोनॉट'मधल्या त्या 'नॉट'मध्ये आहे. ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज, 'नाउतेस' म्हणजे खलाशी. संस्कृत 'नौ' त्याच मुळाचा; नाविक, नौका, आपली नाव ही सगळी तीच मंडळी. आता कोळीवाड्यात या. नाखवा, म्हणजे होडी चालवणारा तिचा प्रमुख, हा फारसी 'नाखुदा'. त्याची फोड नाव अधिक खुदा, आणि खुदा म्हणजे इथे धनी. 'ना-खुदा म्हणजे देव न मानणारा' असं काही विद्वान सांगतात. शायरीतली कोटी त्यांनी व्युत्पत्ती म्हणून खपवली आहे. तर नाखव्यातला 'ना' आणि अ‍ॅस्ट्रोनॉटमधला 'नॉ' मुळात एकच!

चिनीतही होडीच. 2003 साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई गेला ते यान शेनझोऊ, म्हणजे दिव्य नौका. अंतराळवीरासाठीच्या त्यांच्या 'हांगथ्येन-युआन' या शब्दातलं पहिलं अक्षर लिहितानाही डाव्या अंगाला होडीचं चिन्ह काढतात. सगळे वल्ही घेऊन निघालेत आणि आम्ही तेवढे तलवार उपसून.

शुद्धीवाले म्हणतात, मग 'यात्री' घ्या, इस्रोनेही 'गगनयात्री' केलंय. केलं असेल. पण यात्री जातो, नाखवा नेतो. हा भेद त्यांना दिसत नाही, कारण ते शब्द कागदावर घडवतात.

इतिहासच बघा. 12 एप्रिल 1961 ला गागारिन गेला तेव्हा त्याच्या व्होस्तोक यानाची हातनियंत्रणं कुलूपबंद होती. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. कुलपाचा आकडा, 125, बंद पाकिटात होता. तो त्याला आधीच कानात सांगितला गेला होता हे खरं, पण वापरायची वेळ आली नाही. म्हणजे माझ्या हिशेबी गागारिन यात्री! शिव्या घाला खुशाल.

याउलट व्होस्खोद-2 हे सोव्हिएत यान. मार्च 1965 मध्ये लिओनोव्ह यानाबाहेर तरंगला, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात आहे. परतताना स्वयंचलित यंत्रणा बिघडली आणि पावेल बेल्यायेव्हने हाताने यान उतरवलं, पेर्मच्या बर्फाळ जंगलात. हा गडी पूर्वी नौदलाचा वैमानिक. हा नाखवा. 20 जुलै 1969 ला चंद्रावर उतरताना संगणक दगडगोट्यांनी भरलेल्या विवराकडे नेत असताना ताबा हातात घेऊन पलीकडे उतरणारा आर्मस्ट्राँगही नाखवा. तोही एकेकाळी नौदलातच उडत होता, हा योगायोग मला फार आवडतो. 1984 च्या सोयुझ टी-11 वर नाखवा होता मालिशेव. आपले राकेश शर्मा त्या चमूत संशोधक कॉस्मोनॉट होते. त्यात कमीपणा काहीच नाही, पण सुकाणू मालिशेवकडे होतं.

राहता राहिला भारतीय अंतराळवीरांसाठी सुचवला जाणारा 'व्योमनॉट'. अर्धा संस्कृत, अर्धा ग्रीक. घरात 'नाविक' असताना शेपूट अथेन्सहून कशाला मागवायचं? व्योमनाविक म्हणा, आणि जड वाटला तर नाखवा आहेच.